सोडल्यानंतरचा तिसरा दिवस

आषाढीच्या वारीहून परतल्यावर आमच्या भागातल्या एका गृहस्थाने माळ घातली. वीस वर्षे तो रोज पीत होता. सुरुवातीला एक चपटी, मग दोन, आणि शेवटची काही वर्षे तर सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसे. माळ घातली त्या दिवशी त्याने दारू सोडली, एका दिवसात आणि पूर्णपणे. बायकोने शेजारीपाजारी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरू लागले की चहाची बशी ओठापर्यंत जाईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या औषधाच्या दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, झोपेचं काहीतरी द्या. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतायत, अन् मेलेल्या भावाशी बोलत बसलेत. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे." मी तिला गोळी दिली नाही, आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या, उशीर करू नका, असे सांगितले. ती घरी गेली, पण घरच्या वडीलधाऱ्यांनी आधी देवऋषाला बोलवायचे ठरवले. पहाटे त्या माणसाला आकडी आली, पाठोपाठ दुसरी आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. त्या वेळी माळ त्याच्या गळ्यात होती.

आपण सगळे व्यसनी माणसाला जे सांगतो, नेमके तेच त्याने केले होते. त्याची श्रद्धा खरी होती आणि निर्धारही खरा होता. त्याला मिळाली नाही ती एक साधी माहिती: वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. गेली सत्तावीस वर्षे मी औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभा आहे आणि माझी खात्री झाली आहे की व्यसनाबद्दल आपण जितके बोलतो त्या मानाने फारच थोडे सांगतो.

हे का घडते, ते समजायला अवघड नाही. मेंदूत शांत करणारी आणि चेतवणारी अशी दोन्ही प्रकारची रसायने असतात व त्यांची सतत रस्सीखेच चालू असते. दारू शांत करणाऱ्या बाजूला जोर लावते. रोजच लावू लागली की तोल राखण्यासाठी मेंदू चेतवणाऱ्या बाजूचा जोर वाढवत नेतो. वीस वर्षांनी एका बाजूने अचानक दोर सोडून दिला की दुसरी बाजू तोल जाऊन कोसळते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, झोप उडते, आकडी येते, भास होतात. डॉक्टर अशा रुग्णाला मेंदू शांत ठेवणारे औषध देऊन त्याचा डोस काही दिवसांत उतरवत नेतात, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. थायमिनआधी नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर उपाशी मेंदूला अपाय होऊ शकतो, हे खेडोपाडी 'अशक्तपणावर बाटली' लावून देणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. हे उपचार खर्चिक नाहीत आणि जिल्हा रुग्णालयात सहज करता येतात. त्यासाठी रुग्ण तिथवर वेळेत पोहोचला मात्र पाहिजे.

आता शाळा-महाविद्यालयांत काय चालते ते पाहा. दर २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन साजरा होतो. फेरी निघते, शपथ घेतली जाते, कवटी आणि सुई काढलेली भित्तिपत्रके लागतात. त्या सगळ्यात 'ड्रग्ज' हा एकच शब्द असतो. मुलांच्या मनात त्यातून उभे राहणारे चित्र म्हणजे अंधारी गल्ली, अनोळखी माणूस आणि सुई. प्रत्यक्षात ज्या नशेने महाराष्ट्रातली घरे पोखरली आहेत ती परमिट रूममध्ये, पानटपरीवर, औषधाच्या दुकानात आणि मित्राच्या खोलीवर मिळते. यातला प्रत्येक पदार्थ शरीरात वेगळे काम करतो आणि सोडताना वेगळा त्रास देतो. त्या सर्वांना एकाच नावाखाली कोंबले की घरच्यांना ना लक्षण ओळखता येते, ना धोका कळतो, ना उपाय.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून देशभर पाहणी करून घेतली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १४.६ टक्के, म्हणजे १६ कोटी लोक दारू पितात. भांग-गांजा-चरस यांचे सेवन करणारे सुमारे ३ कोटी, अफूजन्य पदार्थांचे सुमारे सव्वादोन कोटी आणि झोपेच्या व गुंगीच्या गोळ्यांचा गैरवापर करणारे एक कोटीहून अधिक. त्या अहवालातले मला सर्वांत बोचलेले वाक्य मात्र उपचारांविषयीचे आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला, आणि बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांना आपण फक्त 'सोड' म्हणतो.

झोपेच्या गोळ्यांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे माझ्या व्यवसायाचे हात बरबटलेले आहेत. अल्प्राझोलॅम हे चिंतेवरचे उत्तम औषध आहे, पण ते थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचे. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहरात हीच गोळी 'कुत्ता गोळी' म्हणून कुप्रसिद्ध झाली. दुसऱ्या टोकाला, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ती सोज्वळ घरांत वर्षानुवर्षे चालू असते. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी अकरा वर्षे रोज रात्री घेणाऱ्या एक आजी माझ्याकडे येत. त्यांची चिठ्ठी घडीवर फाटून चार तुकडे झाली होती आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती. तारखेचा आकडा पुसून गेला होता. त्यांना कोणी व्यसनी म्हटले असते तर त्या कोसळल्या असत्या. पण औषध संपून दोन दिवस गेले की त्यांची छाती धडधडे, हातपाय कापत, आणि 'बघा, गोळीशिवाय मला जमत नाही' असे त्या म्हणत. दारूप्रमाणेच हीही गोळी शांत करणाऱ्या बाजूचा दोर ओढते, म्हणून तीही एकदम थांबवली तर आकडी येऊ शकते. ती डोस हळूहळू कमी करत, आठवडे आणि कधी कधी महिने घेऊन सोडावी लागते. दारूवर ही गोळी घेतली तर दोघी मिळून श्वास मंद करतात आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो.

२०१४ पासून अल्प्राझोलॅम, कोडीन, ट्रॅमाडॉल अशी औषधे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि किती माल दिला ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा नियम आहे. आमच्यातल्या अनेकांनी हा नियम म्हणजे तपासणीच्या आदल्या रात्री पूर्ण करायचे काम मानले. खोकल्याचे कोडीनयुक्त सिरप एकाच मुलाला आठवड्यात सहा बाटल्या देताना त्याला खोकला नाही हे काउंटरवरच्या माणसाला कळत नाही, असे मला कोणी सांगू नये. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. म्हणजे गोड चवीच्या बाटलीतून तो मुलगा गर्दच्याच, म्हणजे ब्राउन शुगरच्याच, कुळातला पदार्थ पीत असतो.

गर्दची आठवण माझ्या पिढीला अजून आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ब्राउन शुगर पसरली, चांगल्या घरांतली मुले पन्नी आणि काडीपेटी घेऊन जिन्याखाली बसू लागली, आणि 'गर्दुल्ला' हा शब्द मराठीत रुजला. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांच्या साथीने आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले ते याच लाटेत. व्यसनी हा गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे वाक्य महाराष्ट्राने तिथून ऐकले. पण ते चाळीस वर्षांत सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा पुरते पोहोचलेले नाही.

गर्दच्या बाबतीत लोकांची समजूत नेमकी उलटी आहे. शेवटची पुडी ओढल्यानंतर आठ-बारा तासांत 'टर्की' सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, पोटऱ्यांत गोळे येतात, जुलाब होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळे टोकाला जाते. पाहणाऱ्याला वाटते की हा आता मरणार. पण एरवी धडधाकट असलेला माणूस पुरेसे पाणी आणि शुश्रूषा मिळाली तर टर्कीने सहसा मरत नाही, आठवड्याभरात सावरतो. मृत्यू येतो तो नंतर. महिनाभर केंद्रात किंवा तुरुंगात राहून शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर आलेला मुलगा एका कमजोर संध्याकाळी पूर्वीइतकाच डोस घेतो. मेंदूतील श्वासाचे केंद्र तो डोस पेलू शकत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, घोरल्यासारखा आवाज येतो आणि श्वास थांबतो. नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन या क्षणी माणसाला अक्षरशः परत आणते. उपचारकेंद्रातून घरी सोडताना आईवडिलांना 'लक्ष ठेवा' असे सांगितले जाते. कशावर लक्ष ठेवायचे आणि ओठ निळे दिसले तर १०८ ला फोन करून काय बोलायचे, हेही सांगायला हवे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध दीर्घकाळ देऊन अशा रुग्णाला घरात, नोकरीत टिकवता येते. 'एका नशेच्या जागी दुसरी' म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांनी मधुमेही माणसाच्या रोजच्या इन्सुलिनला काय म्हणायचे याचा विचार करावा.

आणि आता एमडी. मेफेड्रोन हे त्याचे नाव. पांढरट भुकटी, नाकाने ओढतात किंवा गिळतात. ती ना अफूच्या कुळातली आहे, ना गुंगीच्या गोळीची बहीण; ती चेतवणारी आहे. घेतल्यावर थकवा पळतो, भूक मरते, माणूस बोलका आणि धीट होतो. मुलींना 'बारीक होशील', अभ्यास करणाऱ्यांना 'रात्रभर जागता येईल' असे आमिष दाखवून ती पुढे केली जाते. तिचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून त्याच रात्री पुन्हा पुन्हा घेतली जाते. जबडा आवळला जातो, दात झिजतात, हृदयाचे ठोके बिघडतात, अंगातली उष्णता वाढते. पुढे संशय सुरू होतो. कोणीतरी पाठलाग करते आहे, पडद्यामागे कोणी आहे, फोनवर कोणी ऐकते आहे असे वाटू लागते. आईवडील माझ्याकडे येऊन सांगतात की मुलगा एकदम बारीक झाला, दिवसभर झोपतो, रात्री दाराच्या फटीतून बाहेर पाहत बसतो. त्यांना बहुधा ही नशा नव्हे, प्रेमभंग किंवा परीक्षेचा ताण असावा असे वाटत असते.

एमडी सोडल्यानंतरचा तिसरा दिवस दारूसारखा नसतो. आकडी नाही, मुंग्या नाहीत, जुलाब नाहीत; दिवसचे दिवस झोप आणि मग मनावर पसरलेला काळोख. घरच्यांना वाटते की शांत झाला, सुटला. खरे तर याच दिवसांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून त्याला एकटे ठेवायचे नसते. आणि गर्दसाठी जसे पर्यायी औषध आहे तसे मेफेड्रोनसाठी कोणतेही नाही. समुपदेशन, झोप, आहार, लक्षणांपुरती औषधे आणि दीर्घ काळ सोबत, एवढेच हातात असते. म्हणून ते सुरू होण्याआधीच माहिती पोहोचणे इथे सर्वाधिक मोलाचे आहे.

मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याच्या कक्षेत आले. २ ग्रॅम ही अल्प मात्रा, ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा, आणि व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षांची शिक्षा. तरीही २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला धागा हाती आला. एकूण जप्ती हजार किलोंच्या पुढे गेली. गर्दला अफूची शेती लागते आणि माल सीमेपलीकडून किंवा परराज्यातून यावा लागतो. एमडीला रसायने, एक शेड आणि रसायनशास्त्र शिकलेला माणूस पुरतो, आणि हे तिन्ही आपल्याच एमआयडीसीत आहेत. पोलिसांच्या या कारवायांचे मला मोल आहे आणि कारखानदारांना कठोर शिक्षा व्हावी याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण जो माल आपल्याच अंगणात शिजतो त्याला केवळ नाकाबंदीने रोखता येत नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. गांजाने श्वास थांबून कोणी मरत नाही, हे खरे. पण पंधरा-सोळाव्या वर्षी रोज ओढणाऱ्याची स्मरणशक्ती आणि उमेद खचते, आणि घराण्यात मानसिक आजार असेल तर तो उफाळून येण्याचा धोका वाढतो. तंबाखूने झिंग फारशी येत नाही म्हणून तिला नशा मानतच नाहीत, आणि देशात वर्षाला तेरा लाखांहून अधिक माणसे तिच्यामुळे मरतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, मावा आणि खर्रा मात्र हातोहात मिळतो. मिश्री लावणाऱ्या गर्भवतीचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता अधिक असते, हे तिला दवाखान्यात कोणी विचारून सांगत नाही. स्टेशनवरची लहान मुले रुमालावर घेऊन हुंगतात त्या व्हाइटनर आणि पंक्चरच्या सोल्युशनने हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळीही मृत्यू येऊ शकतो. वर सांगितलेल्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त, म्हणजे १.१७ टक्के आढळले. नशेच्या पदार्थांचा हा एकच प्रकार असा आहे.

यावर एक आक्षेप मी शिक्षकांकडून आणि पालकांकडून नेहमी ऐकतो: इतके तपशील सांगितले तर मुलांचे कुतूहल चाळवेल. ही भीती प्रामाणिक आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. कोणता पदार्थ कुठे मिळतो, किती घेतात, कसा घेतात, हे मुलांना शिकवू नये, हे मलाही मान्य आहे. पण नावे त्यांना माझ्याआधी ठाऊक असतात. आणि त्यांना खरोखर काय विचारायचे असते ते मी एका शाळेत पाहिले. तासभर बोलून झाल्यावर प्रश्न विचारा म्हटले तर वर्ग गप्प होता. मी पायऱ्या उतरत असताना सातवीतला एक मुलगा मागून आला आणि हळूच म्हणाला, "काका, पप्पांनी एकदम सोडली तर त्यांना काही होईल का?" त्या मुलाला कुतूहल नव्हते, धास्ती होती. असे मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात बसलेले असते, आणि आपली भित्तिपत्रके त्याच्याशी एक शब्दही बोलत नाहीत.

माहिती नसल्याचा दुसरा फटका कायद्यात बसतो. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याच्या २७ व्या कलमानुसार सेवन हाही गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जाणार नाही. हे कलम माहीत असलेले पालक मला अजून भेटलेले नाहीत. उलट पोलीस येतील या भीतीने मुलाला दवाखान्यात न नेणारे अनेक भेटले. आणि दवाखाना टाळला की मग तो जातो कुठल्या तरी शेडमध्ये चालवलेल्या, नोंदणी नसलेल्या 'केंद्रा'त, जिथे मारहाण आणि साखळदंड यांनाच उपचार म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित आजार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. राज्याला दारूवरच्या करातून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक महसूल मिळतो. त्यातला ठरावीक वाटा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात चार खाटा, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि एक समुपदेशक यांसाठी कायद्याने बांधून द्यावा, ही माझी मागणी अवास्तव आहे असे मला वाटत नाही. दारूच्या प्रत्येक बाटलीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' असे छापलेले असते. त्याखाली 'रोज पीत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडा' ही ओळ आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक छापायला कितीशी जागा लागेल?

मी माझ्यापुरते एवढे केले आहे की दुकानात, वजनकाट्याच्या वर, मोठ्या अक्षरांतला एक कागद लावला आहे. दारू, झोपेची गोळी, गर्द आणि एमडी, प्रत्येकी चार ओळी: सोडल्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी काय होईल आणि काय दिसले की दवाखाना गाठायला थांबायचे नाही. लोक औषध निघेपर्यंत तो वाचतात. काही जण मान वळवून, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून मोबाइलवर फोटो काढतात. गेल्या पावसाळ्यात एक बाई डोकेदुखीची गोळी घ्यायला आली आणि तो कागद दोनदा वाचून म्हणाली, "आमच्या ह्यांनी परवा सोडलीय. हात थरथरतायत. आज दुसरा दिवस म्हणायचा का तिसरा?" मी शटर अर्धे ओढले आणि रिक्षा थांबवली.